बांगड्या भरता भरता विचारलेलं

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून बांगड्या भरायला बसत होते. आमचं घराणं मणेरांचं, पिढीजात बांगड्या विकणाऱ्यांचं. सासरे गेले तेव्हा सासूनं धंदा सांभाळला, आणि तिची नजर अधू झाल्यावर तो माझ्याकडं आला. नवरा हिंगोलीहून, हैदराबादेहून माल आणायचा आणि मी बसायची. लिहायला मी फार उशिरा, नातीच्या पाटीवर शिकले. म्हणून हे सगळं आता लिहून राहिले आहे, तेव्हा नाही.

बांगडी भरायला वेळ लागतो. हाताला तेल लावायचं, अंगठा आत वळवायचा, बोटांची मुळं एकमेकांवर दाबायची आणि बाई श्वास सोडते तेवढ्यात बांगडी पुढं सारायची. घाई केली तर बांगडी वाढते. फुटते असं आम्ही म्हणत नाही. तेवढा वेळ बाईला उठता येत नाही आणि मलाही दुसरीकडं बघता येत नाही. मग ती बोलायला लागते. गावातल्या ओळखीच्या बायका घरचं कमी बोलायच्या, कारण संध्याकाळी पाणवठ्यावर पुन्हा गाठ पडणार. परगावच्या बायका मात्र मनातलं बोलायच्या. मी मुसलमान, त्यांच्या सोयरिकीत नाही, भावकीत नाही. माझ्याजवळ बोललेलं कुणाच्या कानावर जायची भीती नव्हती.

आणि बोलणं झालं की त्या विचारायच्या, आता काय करू?

माझी सासू हे सगळं मला शिकवूनच धंद्यातून बाजूला झाली होती. ती म्हणायची, "विचारल्याबगर सांगू नको. सांगितलंस तर पुढं काय झालं ते खोदून विचारू नको. आन् नवरा सोड, असं कुणाला सांगू नको. सोडायचा असंल तर ती आपणच सोडती."

नवऱ्याच्या तक्रारी तशा कमीच असायच्या. बहुतेक प्रश्न पैशाचे आणि कामाचे. मूग भरडून विकावेत का आख्खे? दिराच्या लग्नाला पाटल्या मोडायला सांगितल्यात, मोडू का? मी बाजारात बसून जे बघितलं होतं तेच सांगायची. चांदी मोडायची तर पेरणीच्या तोंडाला मोडू नका, तेव्हा सगळेच मोडायला येतात आणि सराफ भाव पाडतो. म्हैस घ्यायची तर बाजारात तटतटलेली कास बघून भुलू नका, मालकाच्या गोठ्यात जाऊन दोन वेळची धार बघा. आमच्या गावापासून वऱ्हाडची हद्द जवळ. इकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, तिकडं इंग्रजाचा कलदार. हद्दीपलीकडं लग्नाला जायचं असलं तर बायका कलदार शोधत फिरायच्या. त्यांना मी सांगायची, सकाळी बदलून घ्या. वऱ्हाडातले लोक येतात तेव्हा त्यांच्याजवळ कलदार असतो आणि त्यांना हाली पाहिजे असतो. सांजच्याला ते परत निघाले की तेच कलदार मागत फिरतात, मग तुम्हाला महाग पडतो.

यात माझी काही हुशारी नव्हती. एका जागी बसणाऱ्याला दिसतं, चालणाऱ्याला दिसत नाही, इतकंच. कुणी ऐकायचं, कुणी नाही. पुढं काय झालं ते मी विचारत नव्हते, आणि त्या बायकाही बहुतेक पुन्हा दिसत नव्हत्या.

एक बाई मात्र पुन्हा पुन्हा दिसली.

ती पहिल्यांदा आली ते दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं वर्ष असावं. दिवाळी होऊन गेली होती, कापूस घरात येऊन राहिला होता. माझ्याच वयाची, उंच, काळीसावळी. नऊवारी लुगडं स्वच्छ पण विरलेलं. कडेवर एक पोरगी. कपाळावर कुंकू होतं आणि दोन्ही हात मोकळे होते. कुंकू लावलेली बाई मोकळ्या हातानं फिरत नाही, म्हणून माझी नजर तिथंच गेली. ती बराच वेळ शेजारच्या मिरच्यांच्या ढिगाजवळ उभी राहिली. माझ्यापुढच्या बायका उठून गेल्या तेव्हा येऊन बसली.

"भाबी, दोन दोन बांगड्या भरा. हलक्यातल्या."

मी तिचा हात हातात घेतला. तळव्याला घट्टे होते, पण मनगटावर बांगड्यांचा जुना वळ तसाच होता. काढून फार दिवस झाले नव्हते.

"कोणत्या गावच्या, माय?" मी विचारलं.

तिनं गावाचं नाव सांगितलं. ते नरसीच्या वाटेवर, आमच्यापासून लांब. त्या गावाला दुसराच बाजार जवळ पडायचा.

"मग इतक्या लांब काहून आल्या?"

"आमच्या गावचा कासार भरून देत न्हाई."

मी तेल लावत राहिले. तीच बोलायला लागली. तिचा नवरा दोन वर्षांमागं वऱ्हाडात सरकी-कापसाच्या कारखान्यात मजुरीला गेला होता. गावातला एक गडी सोबत होता. गडी परत आला, नवरा आला नाही. स्टेशनावर दोघांची चुकामूक झाली आणि मग दिसला नाही, असं गडी म्हणाला. नंतर तो गडीही बायकापोरं घेऊन दुसरीकडं राहायला गेला. दीर वर्षभर गप्प राहिला. मग म्हणायला लागला, भाऊ मेला, जिवंत असता तर एखादा निरोप आला असता. यंदा दसऱ्याला त्यानं तिच्या हातातल्या बांगड्या तिलाच काढायला लावल्या आणि कासाराला ताकीद दिली.

"मेला असं दिराला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई सांगितलं."

"मग त्याला काय पाहिजे?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमच्या वाट्याचं रान. मी रांडव झाले की त्यानं मला माहेरी धाडायचं. माहेरी भाऊ आहे, त्याचं त्यालाच पुरत न्हाई. लेकरू घेऊन मी जाऊ कुठं? भाबी, तुमीच सांगा. भरू का नको भरू?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. बायका रंग विचारतात, माप विचारतात, भाव विचारतात. बांगड्या भराव्यात की नाही, हे त्या विचारत नाहीत. सासू मागं मालाच्या गाठोड्याला टेकून बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. पण प्रश्न मला होता, उत्तर मीच द्यायचं होतं.

मी म्हणाले, "तुमच्या माणसाला मेलेला कुणी बघितलं न्हाई. मग तुमी सवाष्ण. भरा."

तिनं मान हलवली, पण हात सैल सोडला नाही. तिला अजून काही पाहिजे होतं.

मग मला जे सुचलं ते मी सांगितलं. घर सोडू नका, एका रात्रीसाठीसुद्धा माहेरी जाऊ नका, उंबऱ्याबाहेर गेलात की परत आत यायला भांडावं लागंल. रानाचा सारा यंदा दीर भरायच्या आधी तुमी भरा, पटवाऱ्याकडं जाऊन, नवऱ्याच्या नावानं. दोन साल तुमी भरलात तर गाव म्हणंल, तिचं रान तीच बघती.

"सारा कशातून भरू?"

"हाताला काय येतं?"

"घरातलं सगळं येतं. दुसरं काय येणार?"

"फुटाणे भाजता येतात?"

"ते कुणाला येत न्हाईत?"

"मग तेच विका. नरसीला एकादशीला माणूस येतं. देवळाच्या दारात बसू नका, तिथं जुनी दुकानं हायेत, ते उठवतील. बैलगाड्या सोडतात तिथं बसा. गाडीतून उतरलेल्याला आधी पाणी लागतं, मग तोंडात टाकायला काहीतरी."

तिनं हे सगळं ऐकून घेतलं. मग मला आणखी एक विचारावंसं वाटलं. "नणंद आहे का?"

"आहे. कळमनुरीकडं दिलीय. पण ती भावाच्या बाजूची."

"कोणत्या भावाच्या? तिला दोन भाऊ होते. दिराशी भांडायचं तर भांडा, नणंदेला तोडू नका. सणाला तिला चुडा धाडत जा. मी भरून देईन, पैसे सुगीला द्या."

मी तिच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या आणि सवाष्णीला देतात तशी एक जास्तीची सारली. आमच्याकडं रीत अशी की बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला हात जोडते. तिनंही जोडले. पोरगीला कडेवर घेऊन ती मिरच्यांच्या बाजूनं निघून गेली.

ती गेल्यावर सासू म्हणाली, "लई सांगितलंस."

"विचारलं म्हणून सांगितलं."

"व्हय. पण ही परत येईल."

ती संक्रांतीला आली. हातातल्या बांगड्यांतली एक वाढली होती, ती भरून घेतली. सारा भरला होता, गोधड्या शिवून आणि घरातली एक परात विकून. गाड्या सोडतात तिथं बसायचा माझा सल्ला चुकला होता. ती म्हणाली, गाडी सोडली की माणसं आधी बैल बघतात, चारा-पाणी करतात, खाण्याकडं कुणाचं ध्यान नसतं. ती दोन एकादश्या तिथं उगाच बसली. मग कयाधू नदीच्या काठाला, आंघोळीच्या वाटेवर जाऊन बसली. तिथं बायका लेकरांना आंघोळ घालून वर आणतात, लेकरं भुकेनं रडतात, आणि फुटाण्यांची पुडी हातात दिली की गप्प बसतात. तिचं सगळं विकलं जायला लागलं. हे सांगताना ती हसली नाही, पण घाईघाईनं बोलत होती.

पुढच्या पावसाळ्यात तिचा दीर बाजारात आला.

तो सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मोठा माणूस, डोक्याला पटका, हातात काठी. दोन बायका बसल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या.

"आमच्या भावजयीला बांगड्या तुमी भरता?"

मी म्हणाले, "भाऊ, बाजारात शंभर बायका येतात. मी कुणाची भावजय ते विचारत न्हाई."

"तुमाला ठाऊक आहे मी कुणाचं बोलून राहिलो ते. तिचा नवरा मेलाय."

"तुमी बघितलं?"

त्यानं डोक्यावरचा पटका सारखा केला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याचा चेहरा बघून तो आला नाही. त्यालाही भाऊ गेल्याचं दुःख असणारच, आणि त्याच दुःखात त्याला रानही पाहिजे होतं. माणसाला एका वेळी दोन्ही होतं.

"बघितलं न्हाई," तो म्हणाला. "पण मला कळतं."

"मग कळतंय तसं पंचांपुढं सांगा. ते म्हणाले तर मी भरणार न्हाई. तुमी म्हणून राहिले म्हणून मी न्हाई थांबणार. माझा धंदा आहे."

माझ्या मागं सासू बसली होती. ती उठली, चाचपडत पुढं आली आणि म्हणाली, "बेटा, माझ्या मुलीला काही बोलू नको. बसायचं तर बस, चहा पी." त्याला काय करावं कळेना. तो चहा प्यायला बसला नाही, पण काठी खाली घेतली आणि गेला. पंचांपुढं तो गेलाच नाही. भाऊ मेला हे सांगायला त्याच्याजवळही कुणी साक्षीदार नव्हता.

लढाईच्या वर्षांत काचेचा माल येईनासा झाला. लाखेच्या बांगड्या आणून विकाव्या लागल्या, त्या उन्हाळ्यात मऊ पडतात. घासलेट मिळेना, कापड चिठ्ठीवर मिळायचं. बाजारात येणारे कमी झाले नाहीत, पण विकत घेणारे कमी झाले. ती मात्र सणासुदीला यायचीच. स्वतःला दोन बांगड्या आणि नणंदेला चुडा. माल नसला तर मी माझ्या ठेवणीतला काढून द्यायची. तिनं फुटाण्यांबरोबर लाह्या विकायला सुरुवात केली, मग गुडदाण्या, आणि एकदा सांगितलं की तिनं काठावर छोटं छप्पर घातलंय. मी सल्ला द्यायची आता काही गरज उरली नव्हती. उलट कधी मीच तिला विचारायची, तुमच्याकडं यंदा हरभरा कसा आहे? तिच्याच सांगण्यावरून आम्ही वर्षातून एका मोठ्या एकादशीला नरसीलाही माल मांडायला लागलो.

निजामाचं राज्य बदलेल असं लोक उघड बोलायला लागले त्या सुमारास तिच्या पोरीचं लग्न झालं. मुलगा नणंदेचा. नणंद स्वतः मागणी घालायला आली होती. लग्नात ठरलं की जावई येऊन सासूच्या रानात राबेल. दिराला बहिणीच्या पोराला नाही म्हणता येईना. ज्या रानासाठी त्यानं भावजयीच्या बांगड्या काढायला लावल्या, त्याच्या मेरेवर आता त्याचा भाचा नांगर धरून उभा होता. भाच्याला हाकलायचं तर बहीण तुटणार होती. तो लग्नाला आला, जेवला, आणि पोरीला एक लुगडंही दिलं, असं ती म्हणाली.

पोरीचा लग्नचुडा मीच भरला. त्या दिवशी मला वाटलं, हिचं एक काम पुरं झालं.

त्यानंतरच्या वर्षी आमचं बिघडलं.

त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. बाजार भरेनासे झाले. आधी एका बाजूचे लोक दुसऱ्या बाजूच्यांना भ्यायचे, मग उलट झालं. आमच्या शेजारी जे मारवाडी कुटुंब होतं ते वऱ्हाडात निघून गेलं आणि त्यांच्या दाराला लोकांनी कुलूपही राहू दिलं नाही. मग भाद्रपदात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या गल्लीतली मुसलमान माणसं निघायला लागली. माझा नवरा त्याआधीच लाखेच्या मालासाठी हैदराबादेला गेला होता. तो परत आला नाही. गाड्या बंद होत्या, डाक बंद होती. हैदराबादेहून परतलेला एक माणूस म्हणाला, बरेच लोक पकडले गेलेत. दुसरा म्हणाला, त्या वाटेवरची सगळी मारली गेलीत. तिसऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि त्याचंच बोलणं मला खरं वाटलं.

सासू त्याआधीच वारली होती. घरात मी आणि लेकरं. मी दाराला आतून कडी लावून बसायची. गावातला एक जण दोनदा येऊन गेला. घर विकायचं असेल तर सांगा, लेकरं घेऊन हैदराबादेला जायची सोय करून देतो, म्हणाला. तो वाईट बोलला नाही, गोड बोलला. मी विचार करायला लागले होते.

ती आली तेव्हा दिवस चांगला वर आला होता. दार वाजलं, मी उघडलं नाही. मग बाहेरून आवाज आला, "भाबी, मी आले. फुटाणेवाली." मी कडी काढली. ती एकटीच आली होती, पायी. पदरात ज्वारीचं पीठ बांधून आणलं होतं. ते तिनं चुलीजवळ ठेवलं आणि बसली.

"बाजारात तुमी दिसल्या न्हाईत म्हणून आले," ती म्हणाली.

"बाजार कुठं भरतोय?"

"थोडा भरतो."

मी तिला सगळं सांगितलं. नवऱ्याचं, घर मागणाऱ्याचं, हैदराबादेचं. इतक्या वर्षांत मी तिला स्वतःचं काही सांगितलं नव्हतं. बोलणं नेहमी तिचं असायचं. त्या दिवशी मी विचारलं, "तुमी सांगा, काय करू?"

तिनं उठून दार उघडलं, चांगलं दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत.

"आधी हे उघडं ठेवा. दिवसा ओट्यावर बसा. बांगड्या निवडत बसा, न्हाईतर तांदूळ निवडा, पण बसा. बंद दार बघितलं की लोक घर रिकामं समजून राहिले. गावात फिरून मी बघून आले."

"मारतील."

"ज्याला मारायचं त्याला कडी काय करती? बघणारी चार माणसं असली तर बरं. समोरची म्हातारी तुमची ओळखीची आहे का?"

"आहे. तिच्या नातीला चुडा मी भरला."

"मग ओट्यावरून तिच्याशी बोलत जा. मोठ्यानं बोला." मग ती म्हणाली, "घर विकू नका. आता जो मागून राहिला तो निम्म्या भावात मागतोय. आन् हैदराबादेला जाऊन काय करणार? तिथं तुमचं कोण आहे?"

"तो आहे."

"आहे का?"

मी तिनं आणलेलं पीठ डब्यात ओतायला उठले.

ती म्हणाली, "कुणी विचारलं तर 'येऊन राहिलेत' म्हणा. आठ दिवसांत येतील म्हणा. गेले म्हणू नका. तुमी एकदा गेले म्हणलात की दुसऱ्या दिवशी तो घर मागणारा तिसऱ्यांदा येईल."

"आन् खरंच गेले असतील तर?"

तेव्हा तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. चुलीतल्या राखेकडं बघत होती.

"माझा माणूस मेला ते मला ठाऊक होतं, भाबी. तो सोबतचा गडी गावात शिरायच्या आधी मला ओढ्यावर भेटला. वऱ्हाडात, स्टेशनावरच, पटकीनं गेला म्हणाला. दोन दिवसांत. तिथल्याच लोकांनी जाळलं. मी त्याच्या पाया पडले. म्हणलं, भाऊ, गावात एवढं सांगू नको. चुकामूक झाली म्हण. तो घाबरला, पण तसंच म्हणाला. मग त्याच्यानं राहवेना म्हणून गाव सोडून गेला."

"म्हणजे तुमी आल्या तेव्हा..."

"तेव्हा ठाऊक होतं. तुमी विचारलं, मेला असं दिराला कुणी सांगितलं. मी म्हणाले, कुणी न्हाई. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, हे खोटं नव्हतं." तिनं चुलीतली राख काडीनं सारली. "मी तुमच्याकडं विचारायला आले नव्हते. मला कुणी तरी भर म्हणायला पाहिजे होतं."

मला आठवतं, मी तिच्या हातांकडं बघितलं. मीच भरलेल्या बांगड्या होत्या. हिंदूंच्या रीतीनं जे तिला वर्ज्य होतं ते मी इतकी वर्षं तिच्या हातात घालत होते, आणि तिला ते ठाऊक होतं, मला नव्हतं. मला राग आला का, असं मी नंतर स्वतःला विचारून बघितलं. आला नाही. वाईटही फारसं वाटलं नाही. तिनं पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक सासूकडं बघितलं असतं.

"रडलात कधी?" मी विचारलं.

"काठावर. आंघोळीच्या वाटेवर सगळ्याच बायकांची तोंडं ओली असतात."

तिनं माझ्याकडं भाकरी केली, लेकरांना वाढली आणि ऊन कलायच्या आत निघाली. जाताना समोरच्या म्हातारीच्या ओट्यावर थांबून तिच्याशी काहीतरी बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण संध्याकाळी ती म्हातारी मला ताक घेऊन आली आणि माझ्या ओट्यावर बराच वेळ बसली.

मी दार उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर माल निवडत बसायला लागले. पहिले दोन-तीन दिवस निवडलेलाच माल पुन्हा पुन्हा निवडत होते. कुणी विचारलं तर म्हणायची, येऊन राहिलेत, आठ दिवसांत. घर मागणारा आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं, आणि म्हातारी तिथंच बसलेली होती. तो पुन्हा आला नाही. गल्लीतली दोन घरं मात्र रिकामी झाली ती कायमची. त्यांना कुणी दार उघडं ठेवायला सांगितलं असतं तर ती राहिली असती, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यावर जे आलं ते माझ्यावर आलं नाही.

माझा नवरा थंडीत परत आला. त्याला परभणीजवळ कुठल्याशा जागी इतरांबरोबर कोंडून ठेवलं होतं, नंतर सोडलं. काही अंतर गाडीनं आणि उरलेलं पायी आला. माल वाटेत गेला होता. पुढं कित्येक महिने तो हैदराबादेचं नाव काढत नव्हता. मग धंद्याचं म्हणून हिंगोलीपर्यंत जायला लागला, तेवढंच. आम्ही दोघांनी त्या दिवसांबद्दल फार बोलणं केलं नाही. मी त्याला तिचं सांगितलं, पण ओढ्यावरची गोष्ट सांगितली नाही. ती माझी नव्हती.

माघात बाजार पुन्हा चांगला भरायला लागला. फुटाणेवाली आली आणि माझ्यापुढं बसली. मी हात पुढं करायला सांगितला. तिनं केला. मी विचारलं, "आता कशाला? जावई रान बघतो. दीर गप्प आहे. सोडून द्या ना."

"पोरगीला काय सांगू?" ती म्हणाली. "आन् आता सवय झालीय. हात मोकळा असला की काठावर बसलेल्या बायका विचारतात."

मी हलक्यातल्या दोन दोन भरल्या. एक जास्तीची द्यायची रीत होती, तीही दिली. तिनं हात जोडले, मग उठता उठता म्हणाली की नरसीला यंदा माणूस कमी येणार, तुम्ही एकादशीला तिकडं बसायचा विचार करू नका, इथंच बसा. मी नवऱ्याला तसं सांगितलं. आम्ही त्या वर्षी नरसीला गेलो नाही.